विहीर, तळे आणि जन्मसिद्ध हक्क

गेल्या महिन्यात आमच्या तालुका न्यायालयात माझ्या एका पक्षकार बाईंची उलटतपासणी होती. बाईंचे वय पंच्याहत्तरच्या पुढे आहे आणि दावा वाटेचा आहे. त्यांच्या घरामागून निघणारी पायवाट शेजारच्या शेताच्या बांधाने विहिरीपर्यंत जाते. ते शेत दोन वर्षांपूर्वी विकले गेले, नव्या मालकाने तारेचे कुंपण घातले आणि वाट बंद झाली. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नाही, गावनकाशात ती दाखवलेली नाही, दस्तऐवज म्हणावा असा एकही कागद नाही. अशा वेळी वकिलाच्या हाती उरतो तो वहिवाटीचा हक्क, आणि १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे तो मिळवायचा तर वीस वर्षे उघडपणे, शांततेने, खंड न पडता आणि हक्क म्हणून वाट वापरली असे सिद्ध करावे लागते. यातले ‘हक्क म्हणून’ हे शब्द सर्वांत अवघड आहेत. मालकाच्या परवानगीने कोणी पन्नास वर्षे ये-जा केली तरी त्यातून हक्क निर्माण होत नाही, कारण जे परवानगीने मिळते ते देणाऱ्याचेच राहते आणि मनात येईल त्या दिवशी तो ते काढून घेऊ शकतो.

आदल्या संध्याकाळी बाई माझ्या ऑफिसात आल्या होत्या. मी त्यांना म्हटले, “आजी, उद्या समोरचे वकील विचारतील, किती वर्षांपासून त्या वाटेने जाता. नीट आठवून सांगा.” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “वर्षं कशाला मोजायची, वकीलसाहेब? पाणी तर रोज लागतं.”

या उत्तराला ईझमेंट कायद्यात वजन नाही हे मला ठाऊक होते, आणि तरीही ते मनातून जाईना. माणूस आहे, त्याला तहान लागते, म्हणून पाण्यापर्यंत पोहोचणे हा त्याचा हक्क आहे, त्यासाठी कोणी काही देण्याची किंवा लिहून ठेवण्याची गरज नाही, असेच त्या म्हणत होत्या. राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला नैसर्गिक हक्क म्हणतात, त्याचा गाभा हाच आहे. कायद्याने दिलेला हक्क कायद्याच्या आधाराने उभा असतो आणि कायदा बदलला की तोही बदलतो. नैसर्गिक हक्क माणूस असण्यातूनच येतो, म्हणून कायद्याने तो फक्त मान्य करायचा असतो, आणि जो कायदा तो मोडतो त्या कायद्यालाच जाब विचारता येतो, असा हा विचार आहे.

इथे दोन गैरसमज आधीच बाजूला केलेले बरे. मराठीत ‘निसर्ग’ म्हटले की झाडे, डोंगर, पाऊस डोळ्यांपुढे येतात. या संज्ञेतला निसर्ग तो नव्हे. माणसाचा मूळ स्वभाव, त्याची विचार करण्याची शक्ती, त्याचे माणूसपण असा त्याचा अर्थ आहे. दुसरे म्हणजे कचेऱ्यांत आणि न्यायालयांत रोज ऐकू येणारी ‘नैसर्गिक न्यायाची तत्त्वे’ वेगळी आहेत. कोणाविरुद्ध निर्णय देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि कोणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये, एवढ्यापुरती ती मर्यादित आहेत. निर्णय कसा घ्यावा हे ती सांगतात. निर्णय घेणाऱ्याची सत्ता मुळात कुठे संपते, हा नैसर्गिक हक्कांचा प्रश्न आहे.

झाडाझुडपांच्या, पशुपक्ष्यांच्या निसर्गाकडून हक्क घ्यायला गेले तर हाती मत्स्यन्याय लागतो. मोठा मासा लहान माशाला गिळतो आणि हे थांबवण्यासाठी राजदंड हवा, ही कल्पना आपल्याकडे महाभारतात आणि अर्थशास्त्रात आहे. इंग्लंडमध्ये यादवी युद्धाची होळी पाहिलेल्या टॉमस हॉब्जने १६५१ साली जवळजवळ हेच मांडले. राज्य नसते तेव्हा प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीवर नैसर्गिक हक्क असतो, आणि म्हणूनच कोणाचेच काही सुरक्षित नसते; तेव्हा जीव वाचवण्यासाठी माणसे हे हक्क सत्ताधीशाच्या हवाली करतात. त्याच्यानंतर चार दशकांच्या आत जॉन लॉकने या मांडणीची दिशा फिरवली. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या शासनविषयक ग्रंथात जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क राज्याच्या आधीचे आहेत, राज्य त्यांच्या रक्षणासाठी स्थापन झालेले आहे, आणि राज्यच ते तुडवू लागले तर लोकांना त्याला दूर सारता येते. १७७६ चा अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८९ चा फ्रान्सचा माणसाच्या व नागरिकाच्या हक्कांचा जाहीरनामा या दोन्हींच्या मागे हा विचार उभा आहे.

मला मात्र यातला सर्वांत जिवंत माणूस इंग्लंडात जन्मलेला लेखक टॉमस पेन वाटतो. फ्रान्समधील क्रांतीवर ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्कने १७९० साली कडाडून टीका केली तेव्हा त्याचे म्हणणे असे होते की हक्क हा वाडवडिलांकडून आलेला वारसा असतो, रूढींनी आणि जुन्या सनदांनी तो जपलेला असतो, आणि हवेतल्या तत्त्वांवर तो उभा करू नये. पेनने पुढच्याच वर्षी उत्तर दिले. पूर्वजांचे दाखले देत मागे जाणारे लोक पुरेसे मागे जात नाहीत, शंभर वर्षांवर, हजार वर्षांवर कुठेतरी मध्येच थांबतात आणि तिथे जे सापडले त्यालाच नियम मानतात, हे त्याने दाखवून दिले. जायचेच तर अगदी आरंभापर्यंत, माणूस निर्माण झाला तिथपर्यंत जा. तिथे राजा नाही, सरदार नाही, फक्त माणूस आहे. जन्माला येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे जग पहिल्या माणसाइतकेच नवे असते आणि त्या जगावरचा त्याचा हक्कही तसाच असतो, असे त्याने लिहिले. हे वाक्य पुढे पुण्यात एका तरुणाच्या हाती कसे पडले ते सांगण्याआधी आपल्या भाषेबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण नैसर्गिक हक्कांचा अर्थ मराठी माणसाला कळायचा तर तो आपल्या शब्दांतून कळतो.

‘हक्क’ हा शब्द अरबीतून आला आणि मराठी कागदपत्रांत तो वतनाला चिकटून राहिला. जुन्या महजरांत, निवाडापत्रांत ‘हक्क लवाजमा’, ‘मानपान’ हे शब्द जोडीने येतात. पाटलाचा हक्क, कुलकर्ण्याचा हक्क, बलुतेदाराचा हक्क, होळीची पहिली पोळी कोणाची, पोळ्याला पहिला बैल कोणाचा, यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली. हा हक्क माणसाला माणूस म्हणून मिळत नसे. अमुक घरात जन्म झाला म्हणून तो मिळे, आणि तमुक घरात झाला म्हणून मिळत नसे. गावगाड्याच्या तळाशी महारांचे म्हणून सांगितले जाणारे बावन्न हक्क होते. मेलेले जनावर ओढून नेण्याचा आणि मढ्यावरच्या कापडाचा हक्क त्यांतलाच. ज्या कामातून सुटका हवी त्या कामाला बांधून ठेवणाऱ्या दोरीलाच आपल्याकडे हक्क म्हणत होते, हे लिहिताना आजही जड वाटते.

‘अधिकार’ या शब्दाचीही कथा अशीच आहे. शास्त्रात अधिकार म्हणजे पात्रता, आणि ती वर्णावरून ठरे. वेदांचा अधिकार कोणाला आणि कोणाला नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण होऊन उभा राहिला. पंचगंगेवर स्नानाला गेलेल्या शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला, कारण त्याच्या मते छत्रपतींना तो अधिकार नव्हता. गादीवर बसलेल्या राजालाही जन्मच आडवा आला.

म्हणजे आपल्या भाषेत हक्क होता, अधिकार होता आणि दोन्हींच्या मुळाशी जन्म होता. फरक एवढाच, की तो जन्म माणसामाणसांत भेद करणारा होता. नैसर्गिक हक्कांचा विचारही जन्माचेच नाव घेतो, पण कोणत्या घरात जन्मलास हे तो विचारत नाही. माणूस म्हणून जन्मलास एवढे त्याला पुरते. महाराष्ट्रात या विचाराने केलेले सर्वांत मोठे काम हे आहे, की त्याने जन्म या शब्दाची दिशा फिरवली. युरोपात हा विचार मुख्यतः राजाविरुद्ध वापरला गेला. इथे तो आधी शेजाऱ्याविरुद्ध, गावाविरुद्ध, पाणवठ्यावर उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध वापरावा लागला.

जोतीराव फुले यांनी पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक १८४७ च्या सुमारास, विशीत वाचले. त्यांच्या लेखनात त्याचा ठसा शेवटपर्यंत दिसतो. १८७३ साली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी निर्मिकाची, म्हणजे विश्व निर्माण करणाऱ्याची, कल्पना मांडली. एकच निर्मिक, त्याने सर्व स्त्री-पुरुषांना मानवी अधिकारांचे धनी केले आहे, आणि म्हणून एका माणसाला किंवा मूठभरांना दुसऱ्यावर जबरी करता येत नाही. पेनच्या आरंभापर्यंत जाण्याच्या युक्तिवादाला फुल्यांनी मराठी घर दिले. आणि एका बाबतीत ते युरोपातील बहुतेकांच्या पुढे गेले. ते नुसते ‘माणूस’ लिहून थांबत नाहीत, ‘स्त्री-पुरुष’ असे लिहितात. फ्रान्सच्या जाहीरनाम्यात स्त्रीला जागा नव्हती. ऑलिंप द गूज या बाईंनी १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. लॉककडे गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचे भाग होते. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे अमेरिकेच्या जाहीरनाम्यात लिहिणाऱ्या जेफर्सनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. यावरून काही जण म्हणतात की हा सगळा विचारच ढोंगी होता. मला ते पटत नाही. ज्यांना वगळले गेले त्यांनीच हे शब्द उचलले, आपलेसे केले आणि लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक खरेपणाने वापरले, आणि एखाद्या विचाराची पारख करायची तर ती अशा हातांत तो काय करतो यावरून करावी.

टिळकांच्या ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ या घोषणेने ‘जन्मसिद्ध हक्क’ हा शब्द घराघरांत पोहोचवला. तो हक्क एका राष्ट्राने परक्या सत्तेकडे मागितलेला होता. त्यानंतर दहा-बारा वर्षांत महाडला हाच शब्द एका तळ्याच्या काठी उच्चारला गेला आणि त्याचा अर्थ पूर्ण झाला.

चवदार तळे मी प्रथम पाहिले ते वकिली सुरू केल्यावर. महाड हे कोकणातले व्यापारी गाव. तळे गावात आहे, चहूबाजूंनी वस्ती आहे, दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. शेवटच्या पायरीवर बसलो तर हात सहज पाण्याला लागतो. तिथे बसल्यावर मला कळले की सारा प्रश्न या एका हाताच्या अंतराचा होता. मुंबई विधिमंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्य वर्गांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. विधिमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेचा ठराव होता, आणि तरीही कोणाची पाण्याला हात लावण्याची प्राज्ञा नव्हती. गुरेढोरे तिथे पाणी पीत, इतर धर्मांचे लोक पाणी भरत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या मागोमाग महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले हजारो लोक त्या पायऱ्या उतरले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि पुढे तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली.

त्या परिषदेतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण माझ्या मते ती या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. बाबासाहेबांनी तिथे जमलेल्यांना मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके मागणे सोडा, असे बजावले. म्हणजे ज्या परिषदेत एक हक्क घेतला गेला त्याच परिषदेत दुसरा टाकण्याचा निर्धार झाला. जन्माने गळ्यात घातलेले बावन्न हक्क खाली ठेवायचे आणि जन्माने मिळालेला तो एक हक्क उचलायचा. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच दिशेने होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला दुसऱ्यांदा परिषद भरली. २५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्या सभेची तुलना १७८९ साली व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच सभेशी केली, आणि परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत केला. सर्व हिंदूंचा सामाजिक दर्जा जन्मतः समान आहे आणि मरेपर्यंत तो समानच राहतो. कामाच्या वाटणीमुळे माणसे वेगळी ओळखली जातील, पण त्यावरून त्यांच्या दर्जात भेद होता कामा नये, असा त्याचा आशय होता. फ्रान्सच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात माणसे स्वतंत्र व समान जन्मतात आणि तशीच राहतात असे म्हटले आहे. ‘तशीच राहतात’ या शब्दांत मला सारे बळ दिसते. जन्माच्या वेळी समान असणे कोणीही मान्य करील. पाचव्या दिवशी सटवाई काहीही लिहून जावो, ती समानता पुढच्या कोणत्याही दिवशी पुसली जात नाही, हे मान्य करायला धैर्य लागते.

मात्र त्या वेळी पाण्याला हात लागला नाही. काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला होता आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर. त्यांनी हुकूम मोडला नाही. हजारो लोकांनी तळ्याभोवती मिरवणुकीने फेरी घातली आणि ते पाणी न पिता परतले. मग दावा चालला. महाडच्या न्यायालयात, ठाण्याच्या अपिलात आणि शेवटी मुंबई उच्च न्यायालयात तो बाबासाहेबांच्या बाजूने लागला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ चा आहे. पाणी प्यायल्याच्या दिवसापासून मोजले तर दहा वर्षांना तीन दिवस कमी.

त्या निकालात जन्मसिद्ध हक्काची चर्चा शोधणाऱ्याची निराशा होईल. वादींचे म्हणणे होते की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे. न्यायालयाने पुरावा तपासला आणि ही अनादी रूढी सिद्ध झाली नाही असे ठरवले. निकाल बरोबर होता आणि मोलाचा होता, पण तो वहिवाटीवर लागला. समजा, वादींनी चारशे वर्षांचे चोख कागद आणले असते तर? रूढी सिद्ध झाली असती तर तहानलेल्या माणसाचा हक्क नाहीसा झाला असता का? पेनने बर्कला विचारलेला प्रश्न तो हाच. वादी मागे गेले, पण पुरेसे मागे गेले नाहीत.

या साऱ्या विचारावर सर्वांत जोरदार आघात इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने केला आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हक्क हे कायद्याचे अपत्य आहे, असे तो म्हणतो. कायद्यावाचूनचा नैसर्गिक हक्क म्हणजे बापावाचून जन्मलेला मुलगा. एखादा हक्क असावा असे वाटणे आणि तो हक्क असणे यात अंतर आहे. भूक म्हणजे भाकरी नव्हे. वकील म्हणून मी या म्हणण्यापुढे मान तुकवतो. माझ्या पक्षकार बाईंची तहान न्यायाधीशांना पुरावा म्हणून चालणार नाही. महाडला जाहीरनामा होऊनही नऊ वर्षांहून अधिक काळ खटला लढवावा लागला. पण भूक म्हणजे भाकरी नसली तरी भाकरी कशासाठी आहे हे भूकच सांगते, आणि ज्या कोठारात धान्य असून माणसे उपाशी आहेत त्या कोठाराला दोष देता येतो तो भुकेच्याच आधाराने.

गंमत नव्हे, पण विचारात पाडणारी गोष्ट अशी, की महाडचा जाहीरनामा काढणारे बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बेंथमच्या जवळ गेल्यासारखे बोलले. मूलभूत हक्क ही कायद्याची देणगी आहे आणि म्हणून राज्याला त्यांना मर्यादा घालता येतात, असे त्यांनी सांगितले. अनेक वर्षे मला यात विसंगती वाटत आली. आज वाटत नाही. मसुद्यातील हक्कांना इतक्या मर्यादा का घातल्या, या टीकेला ते उत्तर देत होते आणि न्यायालयात टिकेल अशी चौकट उभी करण्याचे काम त्यांच्यावर होते. शिवाय १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीच्या व्याख्यानात त्यांनी याहून खोल गोष्ट सांगितली होती: हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या सामाजिक आणि नैतिक जाणिवेने होते, समाजच विरोधात असेल तर कोणताही कायदा, संसद किंवा न्यायालय ते हक्क खऱ्या अर्थाने देऊ शकत नाही. ज्याने १९२४ चा ठराव कागदावर पडून राहिलेला पाहिला तोच हे सांगू शकतो. हक्क कुठून येतो हा एक प्रश्न आहे आणि तो कोण टिकवतो हा दुसरा. महाडला त्यांनी पहिल्याचे उत्तर दिले, नंतरचे सारे आयुष्य दुसऱ्यासाठी वेचले.

‘देणगी’ हा शब्द मात्र पुढे फार महाग पडला. गोलकनाथ खटल्यात १९६७ साली सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी, ज्यांना परंपरेने नैसर्गिक हक्क म्हणत त्यांचेच आधुनिक नाव मूलभूत हक्क, असे लिहिले होते. नऊच वर्षांनी चित्र पालटले. आणीबाणीत, २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने संविधानातील कलम १४ (समानता), २१ (जीवित व स्वातंत्र्य) आणि २२ (अटकेबाबतचे संरक्षण) यांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद झाली. देशभर मिसा या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली माणसे तुरुंगात होती. येरवडा आणि नाशिकरोडचे मिसाबंदी ज्यांच्या घरातले होते त्यांना ते दिवस सांगावे लागत नाहीत. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांचे अर्ज ऐकून घेता येतात असे ठरवले, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘एडीएम जबलपूर’ या नावाने हा खटला ओळखला जातो. सरकारचा युक्तिवाद असा होता, की जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कलम २१ मध्येच आहे, बाहेर कुठेही नाही; ते कलम मिटले की हक्कही मिटला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले तर काही उपाय आहे का. आपल्या युक्तिवादाशी सुसंगत राहायचे तर आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर मिळाले.

हे उत्तर मी विद्यार्थी असताना वाचले आणि तेव्हापासून नैसर्गिक हक्क ही कल्पना मला कधी पुस्तकी वाटली नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे मान्य केले. त्यांत पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. खन्ना एकटे वेगळे राहिले. कलम २१ संविधानात नसते तरीही कायद्याच्या आधारावाचून कोणाचे जीवित किंवा स्वातंत्र्य हिरावण्याची सत्ता राज्याला नसती, असे त्यांनी लिहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० आणि २१ चे संरक्षण काढून घेता येणार नाही असे झाले, पण तो निकाल कायद्याच्या पुस्तकात तसाच उभा होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्कावरील पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे तो रद्द ठरला, आणि तो चुकीचा होता हे लिहिणारे होते यशवंतरावांचे चिरंजीव, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. जीवित आणि स्वातंत्र्य ही राज्याने दिलेली बक्षिसे नाहीत आणि संविधान ती निर्माण करत नाही, असे त्यांनी लिहिले. वडिलांच्या निकालावर मुलाने लिहिलेली ती पाने मी परत परत वाचतो, कारण त्यांत वारसा आणि हक्क यांचा संबंध प्रत्यक्ष दिसतो: वारशाने आलेली चूकसुद्धा बांधून ठेवत नाही.

परवानगी आणि हक्क यांतला हा फरक रोजच्या व्यवहारात फार बारीक दिसतो. शेजारी भला असतो तोपर्यंत तो जाणवतही नाही. सरकार सौम्य असते तोपर्यंत नागरिकालाही तो जाणवत नाही. कुंपण पडते त्या दिवशी कळते की आपण इतके दिवस कोणाच्या चांगुलपणावर चालत होतो की आपल्या हक्कावर.

उलटतपासणीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी नेमका तोच प्रश्न विचारला, आणि तो विचारणे त्यांचे कर्तव्यच होते. “आधीचे मालक तुमच्या ओळखीचे होते, तुमच्याशी त्यांचे संबंध चांगले होते, ते तुम्हाला त्या वाटेने जाऊ देत होते, म्हणजे त्यांच्या परवानगीनेच तुम्ही जात होतात, हे खरे ना?” माझा श्वास अडला. भिडस्त माणूस इथे हमखास ‘हो’ म्हणतो, आणि त्या एका ‘हो’ने दावा बुडतो. बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा धरून उभ्या होत्या. त्यांना प्रश्नातली गोम कळली होती असे मला वाटत नाही. त्या म्हणाल्या, “जाऊ देत होते म्हणजे? पाण्याला जायचं तर विचारायचं कशाला? त्यांनी कधी अडवलं नाही, आम्ही कधी विचारलं नाही.”

न्यायाधीशांनी लघुलेखकाला मजकूर सांगितला आणि तो असा नोंदवला गेला: ‘हे म्हणणे खरे नाही, की मी परवानगीने जात होते. सदर वाटेने पाण्यासाठी जाण्याकरिता मी कधीही कोणाची परवानगी मागितली नाही.’ बाईंनी जबानीखाली डाव्या हाताचा अंगठा उठवला. पुढची तारीख सोळाची आहे.